हेम्प म्हणजे गांजाच का?

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्यांना गोकुळपेठेचा बाजार ठाऊक असतोच. तेथे मिळणारी अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली आणि वरून लसणाची फोडणी दिलेली, तुम्हीही खाल्ली असेल. याच अंबाडीला इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात! हिरवळीच्या खतासाठी शेतात पेरतात तो ताग म्हणजे ‘सन हेम्प’. आणि नुसते ‘हेम्प’ म्हटले, की ते भांगेचे झाड. तिन्हींच्या सालीपासून वाख निघतो, म्हणून नावे सारखी. बाकी नाते काही नाही. अंबाडी भेंडीच्या कुळातील, ताग वाटाण्याच्या कुळातील, तर भांगेचे कूळ तिसरेच.

मग हेम्प आणि गांजा यांचे नाते काय? ही मात्र एकाच जातीची झाडे आहेत. तिचे शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा. आपल्या भाषेने या झाडाच्या भागांना वेगवेगळी नावे दिली आहेत: पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा आणि त्यांवरील चिकट राळ ती चरस. हेच झाड वाखासाठी किंवा बियांसाठी लावले, की त्याला हेम्प म्हणतात. हा वाख आपल्याकडे फार जुना आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले असल्याचे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळले नाहीत, आणि तेथील चित्रांचे किडींनी बरेच नुकसान केले आहे.

आता झाडाच्या आत डोकावू या. फुलोऱ्यावर केसांसारख्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांत प्रथम कॅनाबिजेरॉलिक आम्ल तयार होते. येथे वाट दुभंगते. एका एंझाइमाच्या हाती ते पडले, तर त्यापासून पुढे टीएचसी मिळते. दुसऱ्याच्या हाती पडले, तर सीबीडी. कोणते एंझाइम प्रबळ असावे, हे आनुवंशिकतेने ठरते. गांजाच्या वाणांत पहिले प्रबळ असते, हेम्पच्या वाणांत दुसरे.

गंमत अशी, की टीएचसी आणि सीबीडी या दोन्ही रेणूंत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. वजनही सारखेच! फरक आहे तो मांडणीत. टीएचसीमध्ये ऑक्सिजनचा एक अणू दुवा बनून जादा कडे पूर्ण करतो. सीबीडीत ते कडे उघडेच राहते. सीबीडी अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९४० साली वेगळे केले होते. पण त्याची नेमकी रचना इस्राएलमधील राफाएल मेखुलम यांच्या गटाने १९६३ साली उलगडली आणि टीएचसीची पुढच्याच वर्षी. मेंदूतील चेतापेशींवर सीबी-१ नावाचे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे टीएचसी त्यांत बसते आणि नशा चढते. सीबीडी त्या कुलपात तसे बसत नाही, म्हणून त्याने नशा येत नाही.

नशा येत नाही म्हणजे ते निरुपद्रवी, असे मात्र समजू नका. शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ साली मुलांमधील दोन दुर्धर अपस्मारांसाठी मंजूर झाले. त्याने गुंगी येऊ शकते, यकृतावर ताण पडू शकतो आणि इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये. दुकानात ‘हेम्प सीड ऑइल’ म्हणून मिळते ते निराळेच. बियांवर त्या ग्रंथी नसतात, त्यामुळे त्या तेलात सीबीडी जवळजवळ नसते. जवसाच्या तेलासारखे ते एक खाद्यतेल. अशा बिया व त्यांचे तेल यांना आपल्याकडे अन्न म्हणून २०२१ साली मान्यता मिळाली.

हेम्प कोठे संपतो आणि गांजा कोठे सुरू होतो? वाळलेल्या भागात ०.३ टक्का टीएचसी, ही सीमा स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली. पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी तीच उचलली. निसर्गात अशी रेघ नाही आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखूही येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाची व्याख्या तर टीएचसीचा टक्का विचारतच नाही. भांगेच्या झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, एवढेच ती म्हणते. तेव्हा ‘हा तर साधा हेम्प’ असे म्हणून गच्चीवरच्या कुंडीत ते झाड लावले, तरी परवान्याशिवाय तो गुन्हाच ठरतो.