सहा सेकंदांचा वाचक

आषाढ लागला की वाशी, नेरुळ, खारघर परिसरात चातुर्मास प्रवेशाचे फलक झळकू लागतात. वर संघाचे नाव, मधोमध पूज्य महाराजसाहेबांचे छायाचित्र आणि खाली लाभार्थी परिवारांची लांबलचक नामावली. प्रवचनाची वेळ व उपाश्रयाचा पत्ता मात्र अनेकदा कोपऱ्यात, जेमतेम चार बोटे उंचीच्या अक्षरांत! नामावलीमागची भक्ती खरी असते; पण फलक नेमका कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

पाम बीच मार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार १०० मीटर अंतर सहा सेकंदांत कापते. त्यातही चालकाची नजर फलकावर क्षणभरच टिकते, आणि अधिक टिकू नये हेच हिताचे. एवढ्यात पाच-सात शब्द मनात उतरतात. जाहिरात व्यवसायातील जुना आडाखा सांगतो, दर दहा फुटांच्या अंतरामागे अक्षर एक इंच उंच हवे. १०० मीटरसाठी ते सुमारे ३३ इंच होते. दहा फूट उंच फलकावर अशा तीन ओळीही दाटीनेच बसतात. देवनागरीला तर अधिक मोकळीक लागते, कारण वेलांट्या, मात्रा, उकार आणि जोडाक्षरे दुरून एकमेकांत मिसळतात.

अमूल लोण्याच्या फलकांनी हे गणित केव्हाच ओळखले. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांनी १९६६ मध्ये ही मालिका सुरू केली आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी रेखाटली. एक चित्र, एक शाब्दिक कोटी, लोण्याचे नाव, बस्स.

मात्र अक्षर मोठे हवे म्हणून फलकच अवाढव्य करणे हा उपाय नव्हे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता; मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची. त्या दुर्घटनेत १७ जणांचा बळी गेला. पावलोपावली जयणा पाळणाऱ्या समाजाने महापालिकेची परवानगी आणि सांगाड्याची मजबुती यांकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहणे शोभत नाही.

लाभार्थींची नावे उपाश्रयाच्या प्रवेशद्वारी लावावीत. तेथे माणसे थांबतात, निवांत वाचतात, अनुमोदनाही करतात. रस्त्यावरच्या फलकासाठी एक सोपी कसोटी आहे. वीस फूट रुंदीचा फलक १०० मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढेच पाच फुटांवर धरलेले व्हिजिटिंग कार्ड दिसते. छपाईला देण्यापूर्वी मजकूर त्या आकारात छापून घरातील आजोबांसमोर क्षणभर धरावा आणि प्रवचन कोठे आहे, एवढेच विचारावे.