अंगणवाडी मोजावी कशाने?

जून २०२५ मध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हा तिसऱ्या भाषेच्या वादाने महाराष्ट्र इतका दुमदुमला की, पहिलीच्या आधीची तीन वर्षेही नव्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत स्तरात गणली आहेत आणि खेड्यापाड्यांत त्यांचा भार बहुतांशी अंगणवाडीच्या एकट्या सेविकेवर पडणार आहे, याची वाच्यता फारशी झालीच नाही. आता मात्र जो तो आपल्या गावची अंगणवाडी शेजारच्या गावाशी ताडून पाहतो, आणि ही तुलना बहुधा भिंतीवरच्या चित्रांपासून निघून टीव्हीपाशी संपते.

कागदोपत्री अंगणवाड्या जुळ्या बहिणीच. आदिवासी मुलखात साधारण ३०० ते ८०० लोकवस्तीमागे एक. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ठरलेले उष्मांक व प्रथिने देणारा आहार. अमृत आहार योजनेतून अंडी वा केळी. फरक पडतो तो दप्तराबाहेर, आणि तो पाहण्यास डहाणू तालुक्याइतके योग्य स्थळ नाही. कारण मोजपट्टी तेथेच घडली आहे.

१९४५ साली या तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसताच या दोघींनी मुलांना दोष न देता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर, गुरांमागे जाणाऱ्या वारली पोरांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने यांवर गणनेचे आणि रंगांचे पाठ झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आहार, लसीकरण आणि वजनाची मोलाची कामे या अंगणवाडीकडे आली, शिंपले मात्र मागे राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज एखाद्या पाड्यावरची सकाळ पाहावी. घरी न्यायचा शिधा घेण्यास आलेल्या मातेचा चेहरा पोषण ट्रॅकर ॲपला पटत नाही, रेंज नाही, म्हणून सेविकाताई मोबाइल उंच धरून बांधावर चढलेली. चुलीवर खिचडी रटरटते आहे आणि मदतनीस एका हाताने पळी व दुसऱ्या हाताने वीसेक पोरे सांभाळते आहे. बालशिक्षणासाठी राखलेला वेळ असा नोंदींत विरतो, आणि ज्या बाईला आपण गुरू म्हणू पाहतो तिला सरकार वेतन नव्हे, मानधनच देते.

इमारतीला गुण देऊ नयेत असे नाही. पावसाळ्यात गळके छप्पर म्हणजे सक्तीची सुट्टी, आणि पाण्यावाचून स्वच्छतागृह ही निव्वळ शोभा. तरीही शहरालगतच्या रंगीत खोलीपेक्षा, जेथे ताईला वारली बोली येते आणि मूल तिच्याशी बिनधास्त भांडू शकते, ती ओटी मी वरच्या श्रेणीत घालीन. पालकांनी आगाऊ वर्दी न देता अकराच्या सुमारास जावे, सेविका मुलांत बसली आहे की रजिस्टरात ते पाहावे, आणि रजिस्टरात असेल तर तिच्यावर नव्हे, प्रकल्प कार्यालयावर अर्ज करावा.