सर्वांची वही
सावकाराची वही सावकाराच्याच घरी असे. तीत खाडाखोड झाली, तर कुळाने दाद कोठे मागावी? ‘इथेरियम’ ही ब्लॉकचेन-वही मात्र २०१५ पासून हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. एकाने खाडाखोड केली, तर ती इतरांच्या प्रतींशी जुळत नाही. २०१६ साली तिच्या आधारे ‘द डाओ’ हा सामाईक निधी उभा राहिला. त्याला ना अध्यक्ष, ना कचेरी. सभासदांनीच मते देऊन ठरवावयाचे. परंतु नियमांत एक चूक राहिली होती. तिचा लाभ घेऊन जूनमध्ये कोणीतरी सुमारे ३६ लक्ष ईथर नाणी वळविली. आता लिहिलेले खोडावे काय? जुलैत बहुतेकांनी वही दुरुस्त करून पैसा परत मिळवून दिला. काहींना ते मानवले नाही. खोडता आलेली वही पुन्हा सावकाराचीच, असे त्यांचे म्हणणे. ते जुनीच वही पुढे लिहीत राहिले.