गाणे एक, कान अनेक

दिवेलागणीची वेळ झालेली असते. घर बेळगावातील असो, पणजीतील असो वा इंदुरातील. तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात आणि मोबाइलवर केसरबाई केरकरांची भैरवी चाललेली असते. "आवाज जरा मोठा कर रे बाळा," आजी म्हणते. "आजी, आधीच केवढा मोठा आहे!" असे म्हणून नातू इअरफोन कानांत घालतो आणि आपल्या निराळ्या गाण्यात गढून जातो. ही कुरबूर नित्याचीच. आजी हट्टी ठरते, नातू उर्मट ठरतो. वस्तुतः दोघेही खरेच बोलत असतात. ते कसे, हे उमगण्यासाठी गाणे यंत्रात कसे साठवले जाते आणि कान ते कसे ग्रहण करतो, ह्या दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

जुन्या ध्वनिमुद्रिकेत आवाजाच्या कंपनाबरहुकूम खाच कोरलेली असे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाईंची ती भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडलेल्या सुवर्णतबकडीवर तिला स्थान मिळाले.

डिजिटल, म्हणजे अंकीय, पद्धतीत खाच नसते; असतात ते केवळ आकडे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाची पातळी दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजून नोंदवलेली असते. एवढ्या वेळा कशासाठी? तरुण, निरोगी कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कोणतेही कंपन अचूक टिपावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. ह्या हिशोबाने साडेतीन मिनिटांच्या गाण्यास सुमारे ३७ मेगाबाइट जागा लागते.

ही जागा वाचवण्याची युक्ती एमपी३ ह्या पद्धतीने १९९० नंतरच्या दशकात रूढ केली. शेजारी ढोल वाजत असता कानाशी केलेली कुजबुज ऐकू येत नाही, हा सर्वांच्या अनुभवातील प्रकार. मोठ्या स्वराने झाकून टाकलेला लहान स्वर कानापर्यंत पोहोचणारच नसेल, तर तो बारकाईने साठवावा तरी कशाला, असा विचार करून ही पद्धत तेवढा भाग काटकसरीने नोंदवते. मग तेच गाणे सव्वातीन-साडेतीन मेगाबाइटांत, म्हणजे सुमारे अकराव्या हिश्शात बसते. त्यामुळेच २००१ साली निघालेल्या पहिल्या आयपॉडमध्ये हजारभर गाणी खिशात मावू लागली.

परंतु हा सारा हिशोब निरोगी कान गृहीत धरून मांडलेला आहे. वय वाढते तशी कानातील सूक्ष्म केशपेशींची झीज होते, आणि प्रथम मंदावतात ते उंच, तीव्र स्वर. स, श, त, फ ह्या वर्णांची ओळख अशाच स्वरांवर बरीचशी अवलंबून असते. परिणामी आजीस सूर ऐकू येतो, पण शब्द निसटतात. ती आवाज वाढवावयास सांगते. मात्र त्याबरोबर खालच्या पट्टीतील ठोकेही वाढतात आणि गलकाच अधिक होतो. शिवाय वृद्ध कानास हळू आवाज ऐकू येत नाही, तरी मोठा आवाज एकाएकी असह्य होतो. चाळिशी-पन्नाशीतील वडिलांच्या कानांतही ही झीज नकळत सुरू झालेली असू शकते. यंत्राची जुळवाजुळव बहुधा तेच करतात, आणि ती आपल्याच कानाच्या मापाने करतात!

कानाचे असे, तर बोटाचे निराळेच. रेडिओची कळ डोळे मिटूनही फिरवता येई; किती फिरली ते बोटास कळे. मोबाइलच्या काचेवर चढउतार नाही. कोरड्या, थरथरत्या बोटाचा स्पर्श तिला पुष्कळदा नीट कळत नाही, आणि एक चुकीचा स्पर्श होताच गाणे नाहीसे होते. मग नातवाची मनधरणी करण्यापेक्षा आजी गाणे ऐकावयाचेच सोडून देते. २०१७ साली सारेगामा कंपनीने जुन्या ट्रान्झिस्टरच्या घाटाचे, ५,००० गाणी आतच भरलेले 'कारवां' हे यंत्र काढले आणि ते विशेषतः वडीलधाऱ्यांस आवडले. गाणी अंकीयच होती; परत आली होती ती हातास ओळखीची कळ.

आता नातवाकडे वळावे. रस्त्यावरील गोंगाट बुडवण्यासाठी तो इअरफोनचा आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकावयास हरकत नाही. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. परंतु दर तीन डेसिबल वाढीस सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला प्रौढाचे आठवड्याचे अवघे चार तास उरतात, आणि १०० डेसिबलला वीस मिनिटे. कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. आजीस सत्तरीत जे भोगावे लागते, ते नातवाच्या वाट्यास तिशी-चाळिशीतच येऊ शकते.

तात्पर्य, यंत्र एकच असले तरी त्याचा अनुभव वयागणिक निराळा असतो, आणि ही तफावत स्वभावदोषाची नसून शरीरधर्माची आहे. एवढे ध्यानी आले की उपाय घरातच सापडतात. आवाज वाढवण्याऐवजी लहानसा स्पीकर आजीच्या जवळ आणून ठेवावा; खालचे ठोके कमी करून वरचे स्वर किंचित उंचावावेत; तिची आवडती गाणी एका बोटाने लागतील अशी मांडून द्यावीत. शब्द तरीही निसटू लागले, तर कानांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यात संकोच नसावा. नातवाच्या मोबाइलवर आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते. ती त्याच्याशी बोलून, त्याच्याच हातून ठरवावी.

पूर्वी घरात रेडिओ एकच असे, म्हणून गाणे सर्वांचे असे. आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र यंत्र आहे. तेव्हा एकत्र ऐकणे हे आता आपोआप घडणार नाही, ते ठरवून करावे लागेल. साडेतीन मिनिटांची भैरवी संपेपर्यंत नातवाने इअरफोन काढून आजीपाशी बसावे आणि तिच्या कानांतून निसटलेला शब्द तिला सांगावा. तेवढे काम कोणतेही यंत्र त्याच्याइतके चांगले करणार नाही.