छातीतली सावली: नसांच्या गाठी समजून घेताना

नायगाव, म्हणजे दादरचं नव्हे, आपलं वसईचं. इथे आज एका दुर्मीळ आजाराबद्दल बोलू: छातीच्या आत नसांवर येणाऱ्या गाठी.

छातीत फक्त फुप्फुसं आणि हृदय नसतं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते. शिवाय पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना नसांची एकेक साखळी उतरते. लोकलच्या मार्गावर नायगाव, भाईंदर, मीरा रोड अशी स्टेशनं येतात ना, तसे या साखळीवर मज्जापेशींचे पुंजके असतात.

नसेच्या आवरणातल्या पेशी वाढल्या की 'श्वानोमा' होतो. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्या पेशींना आहे. पुंजक्यांतून 'गँग्लिओन्यूरोमा' होतो. मोठ्या माणसांत या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. लहान मुलांत मात्र जास्त सावध राहावं लागतं, कारण 'न्यूरोब्लास्टोमा' हा कर्करोग याच साखळीतून येऊ शकतो.

लक्षणं? बरेचदा काहीच नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढतात आणि सावली दिसते. आपल्याकडे सावली म्हटलं की पहिला विचार टीबीचा. त्यात गैर नाही, टीबी आहेच तेवढा. पण ताप नाही, वजन उतरत नाही, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि सावली गोल, गुळगुळीत, मणक्याला टेकलेली आहे, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सीटी स्कॅन करायचा का?" औषधं मात्र मनाने बंद करू नका.

गाठ साखळीच्या वरच्या टोकाला असेल तर एक पापणी खाली येते, त्या डोळ्याची बाहुली लहान होते, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. याला 'हॉर्नर सिंड्रोम' म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही गाठी डंबेलसारख्या असतात: एक गोळा छातीत, दुसरा मणक्यांमधल्या फटीतून आत, मज्जारज्जूजवळ. हे आधी कळलं नाही आणि फक्त छातीतली गाठ ओढून काढली, तर आत रक्तस्राव होऊन पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून मणक्याजवळच्या गाठीला ऑपरेशनआधी एमआरआय हवा. गाठ आत शिरली असेल, तर छातीच्या सर्जनसोबत न्यूरोसर्जनही हवा.

बाकी बऱ्याच गाठी आता दुर्बिणीने, लहान छेदांतून निघतात. परळला १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल इथून लोकलच्या अंतरावर आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या. गाठ किती वेगाने वाढली, ते त्यांवरूनच कळतं. तेव्हा रद्दीत टाकू नका, एवढंच सांगतो. आता प्रश्न विचारा.