गाण्यांची खातेफोड

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे ऐन लग्नसराईत, प्रदर्शित झाला आणि त्यातील ‘झिंगाट’ने आमच्या सोलापूर जिल्ह्यातील वराती कशा व्यापून टाकल्या, हे सांगण्यास दाखल्याची आवश्यकता नाही, त्या उन्हाळ्यात ज्यांचे कान शाबूत राहिले असतील, त्या कोणालाही साक्षीस बोलवावे. परंतु त्याच सुमारास श्रोत्यांत एक तंटाही उभा राहिला. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या कथेचा शेवट एका तरुण दांपत्याच्या रक्ताने होतो, त्या कथेतील गाण्यावर नवरदेवाच्या मित्रांनी नाचावे हे अभद्र होय. आणि दुसऱ्याचे असे की, गाणे एकदा पडद्यावरून सुटले म्हणजे त्यावर कथेची मुखत्यारी उरत नाही, ते ज्याच्या मांडवात वाजेल त्याचे.

हा तंटा दिसतो तितका पोरकट नाही. ‘सैराट’ची गाणी चारच, आणि ती चारही चित्रपटाच्या पूर्वार्धात येतात, उत्तरार्धात नायक-नायिकेच्या वाट्याला गाणे नाही. अजय-अतुल यांनी ज्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी थेट लॉस एंजलिसचा सोनीचा ध्वनिमुद्रण-मंच गाठला, तो सारा नाद प्रेमाच्या उमलण्यावर खर्च झाला आहे. म्हणजे ज्याने केवळ गाणी ऐकली, त्याच्या हाती चित्रपटाचा अर्धा भागच, आणि तोही सुखाचा, लागतो. पहिल्या पक्षाची तक्रार वास्तविक वरातीविरुद्ध नसून या अर्धेपणाविरुद्ध आहे, असे मला वाटते. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) याच्या नेमके उलट घडले: अजय-अतुल यांचे जे गाणे त्या चित्रपटाची ओळख म्हणून घरोघरी पोचले, ते मुळी चित्रपटात नाहीच. ते ऐकून तिकीट काढणाऱ्याने अखेरपर्यंत वाट पाहिली असेल आणि दिवे लागल्यावर शेजाऱ्याला विचारले असेल, तर त्यात त्याचा दोष काय?

चित्रपटाची सगळी गाणी एका गाठोड्यात यावीत, हा हक्क श्रोत्याला पूर्वी नव्हताच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक काही मावत नसे. दहा गाण्यांच्या चित्रपटाच्या पाच तबकड्या निघत आणि सामान्य गृहस्थ त्यांतली एखादी घेई, आवडत्या गाण्यासाठी, आणि पाठीवरचे दुसरे गाणे सोयरिकीबरोबर आलेल्या पाहुण्यासारखे सांभाळी. पडद्यावरील लांबट गाण्याचे एखादे कडवेही या मापात बसवताना गळून पडे. तात्पर्य, संयुक्त खाते आधी आणि वाटण्या नंतर, असा जो आपला समज असतो, तो येथे लागू पडत नाही: गाण्यांची खातेफोड आधीचीच, एकत्र कुटुंब नंतर, दीर्घ वादनाच्या तबकडीने, वसवले. त्या तबकडीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा कोठे चित्रपटाची गाणी एका छपराखाली नांदू लागली. आणि त्याच सोयीने निरनिराळ्या चित्रपटांतून वेचलेल्या गाण्यांच्या ‘निवडक’ तबकड्याही निघाल्या.

या निवडीविषयी श्रोत्यांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. वेष्टनावर ‘सर्वोत्कृष्ट’ असे कितीही ठळक छापलेले असो, कंपनीची निवड सहसा तिच्या स्वतःच्या कोठारापुरती असते. मुद्रणाचा खर्च पूर्वीच फिटलेला, हक्क आपलाच. म्हणून संकलन हा कंपनीच्या दृष्टीने फार स्वस्तातला धंदा. परंतु परक्या कोठारातील गाणे मागायचे तर वाटाघाट आली, पैसा आला. ‘शोले’ची तबकडी पॉलिडॉरची, राहुलदेव बर्मन यांच्या इतर अनेक चित्रपटांच्या एचएमव्हीच्या; तेव्हा त्यांच्या गाण्यांच्या कोणत्याही संकलनात एखादे गाणे का नाही, याचे उत्तर रसिकतेच्या नव्हे, मालकीच्या दफ्तरात शोधावे लागते. (त्याच ‘शोले’च्या संवादांची तबकडी गाण्यांइतक्याच, किंबहुना अधिक, आवडीने ऐकली गेली, हाही श्रोत्यांनी दिलेला एक निवाडाच म्हटला पाहिजे.)

ही कुंपणे मोडली ती कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराने. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठाची की नव्वदची ते सांगायचे, आगाऊ रक्कम ठेवायची आणि चार दिवसांनी जायचे, ही रीत १९८० नंतरच्या दशकात ज्यांनी अनुभवली, त्यांना तिचे सुख सांगायला नको. कायद्याला ती मंजूर नव्हती, हे खरे. परंतु सोलापूरसारख्या गावाचे कान ज्या संकलनात खरोखर सामावले, ते संकलन हेच. पूर्व भागातील तेलुगुभाषक विणकराच्या कॅसेटच्या एका बाजूस घंटसाला आणि दुसरीस रफी. अक्कलकोटकडच्या माणसाच्या यादीत राजकुमार यांचे कन्नड गाणे, त्याखाली एखादी मराठी लावणी. यंत्रमागाच्या खडखडाटावर मात करील इतक्या मोठ्या आवाजात हे सारे एकामागून एक वाजे, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात विसंगती वाटत नसे. असे संकलन कोणती कंपनी काढणार होती?

आणि तरीही, संकलनाचा एवढा पुरस्कार केल्यावर, मला पहिल्या पक्षाकडे थोडे झुकावेसे वाटते, आणि त्याचे कारणही याच गावचे आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी सोलापूरचे. चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ साली देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही सोलापूरचे. व्ही. शांताराम यांच्या राजकमलने १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणि लगेच १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, आणि दोहोंचे संगीत वसंत देसाई यांचे. ‘राम जोशी’त खुद्द शाहिरांची रचना आहे आणि ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून उतरलेल्या रचनाही आहेत. चित्रपटाची गाणी ओळीने ऐकताना दीडशे वर्षांपलीकडचा शाहीर आणि तिशीही न गाठलेला कवी एकमेकांसमोर डफावर थाप देताना भासतात. लावण्यांच्या एखाद्या संकलनात मात्र त्यांतली एकच येते, गायकाच्या नावाखाली, आणि ती कोणत्या शतकातली, याची पुसटशीही कल्पना ऐकणाऱ्यास येत नाही. ‘कोटणीस’ची गाणी तर संकलनांतून माझ्या कानांवर जवळजवळ आलीच नाहीत. संकलनकर्त्याचे सूप अशा वेळी फार निष्ठुर असते: जे प्रथम श्रेणीचे नाही ते पाखडले जाते, आणि त्याबरोबर प्रथम श्रेणीच्या गाण्याचा शेजारही जातो.

२०१७ मध्ये सारेगमाने पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला. जुन्या रेडिओचे रूप दिलेली ती पेटी आता आमच्या घरीही आहे, मुलाने आणलेली. गायक, संगीतकार, मनोवृत्ती असे तिचे कप्पे. चित्रपटापेक्षा माणसाचे नाव तिथे मोठे. दुपारी ती लावून बसतो, तेव्हा एका विशिष्ट गाण्यापाशी माझा दरवेळी एक घोटाळा होतो. नव्वद मिनिटांच्या माझ्या भरलेल्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचे ते शेवटचे गाणे. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर फीत संपत असे आणि खटका उडे. पेटीतला गायक आता ते कडवे बिनदिक्कत पुरे करतो, तिसरेही गातो. आणि बाजू उलटण्यासाठी अर्धवट उठलेला मी तसाच उभा राहतो.