बाबांच्या कॅमेऱ्याला नवा अंगरखा: चामड्याची हाफ केस निवडताना

कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमच्या मागे, अनेक घरांत एक फिल्मचा कॅमेरा पडून असतो. कुणाच्या बाबांनी बोनसमधून घेतलेला, तर कुणाच्या मामांनी परदेशातून आणलेला. याशिका, पेंटॅक्स, निकॉन किंवा कॅनन असं काहीतरी नाव आणि भोवती जाड तपकिरी चामड्याचं कव्हर. मोबाइलवर हजारो फोटो काढणाऱ्या मुलामुलींना आता याच कॅमेऱ्याची ओढ लागली आहे. कॅमेरा बाहेर निघतो, फिल्म भरली जाते आणि लगेच प्रश्न पडतो की, याला घालायचं काय? जुनं कव्हर उसवलेलं असतं आणि बॅगेत नुसता टाकला तर ओरखडे पडतात. अशा वेळी हाफ केस उपयोगी पडते.

हाफ केस म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि खालच्या अर्ध्या अंगाला घट्ट बसणारं आवरण. शटरचं बटण, फिल्म पुढे सरकवायचा खटका आणि डोळा लावायची खिडकी हे सगळं वर मोकळं राहतं. ती छान दिसते, म्हणून बहुतेक जण रंग पाहून घेतात. खरंतर ती कॅमेऱ्याचा तळ पाहून निवडायला हवी.

आधी कॅमेरा उलटा करा

३५ मिलीमीटर फिल्मच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत तळाला एक छोटं बटण असतं. रोल संपला की ते दाबूनच फिल्म परत डबीत गुंडाळायची असते. केसने ते बटण झाकलं तर नवखा माणूस जोर लावतो, फिल्म फाटते किंवा घाईत मागचं झाकण उघडलं जातं. प्रकाश आत शिरला की ३६ फोटो गेलेच म्हणून समजा. सहलीचे, आजीच्या वाढदिवसाचे, कशाचेही असोत, ते परत मिळत नाहीत.

म्हणून तळाचा नीट फोटो काढून ठेवा आणि केसची छिद्रं त्याच्याशी पडताळा.

* १९७६ ते १९९७ या काळात बनलेला पेंटॅक्स के १००० आणि १९८२ साली आलेला निकॉन एफएम २ यांची बॅटरी आणि फिल्म सोडवण्याचं बटण, दोन्ही तळाला असतात. केसमध्ये दोन्हींसाठी जागा हवी.
* कॅनन एई-१ची बॅटरी पुढच्या बाजूला लेन्सशेजारी असते, बटण मात्र तळालाच. केसची पुढची कड बॅटरीच्या झाकणाआड येऊ नये.
* लायका एम ३सारख्या कॅमेऱ्यात फिल्म भरायला तळाची पट्टीच काढावी लागते. तिथे प्रत्येक रोलला केस उतरवणं आलंच, म्हणून ती चटकन निघणारी असावी.
* मागचं झाकण केस न काढता उघडतं का, हेही पाहा. उघडत नसेल तर हरकत नाही, पण घेण्याआधी ते माहीत हवं.

केस नेहमी तुमच्या मॉडेलच्या नेमक्या नावानेच मागा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या तळांतही फरक असतो. ‘सगळ्यांना बसते’ असं सांगितलं जातं ती केस सहसा कुणालाच नीट बसत नाही.

सरोजिनी नगरात नजर तयार करा

दिल्लीतलं सरोजिनी नगर कपड्यांसाठी आणि घासाघिशीसाठी प्रसिद्ध. इथे कॅमेऱ्याची केस शोधायला जाऊ नका, पण चामडं आणि रेक्झिन ओळखायला शिकायचं असेल तर यासारखी शाळा नाही. बॅगा, पट्टे, पाकिटांचे ढीग समोर असतात आणि हात लावायला पैसे पडत नाहीत. सोमवारी बाजार बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा.

वस्तूची कापलेली कड पाहा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये वर प्लॅस्टिकचा थर आणि खाली कापड स्पष्ट दिसतं. बोटाने दाबल्यावर चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. नकली मालावरची नक्षी मात्र सगळीकडे एकसारखी असते. रेक्झिन वाईट असं नाही, स्वस्तात काम भागतं. मात्र दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते कॅमेऱ्याला चिकटतात.

खऱ्या चामड्यातही दोन प्रकार महत्त्वाचे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ असतं आणि पाणी बऱ्यापैकी सोसतं. झाडाच्या सालींनी, फळांनी कमावलेलं चामडं ताठ असतं, आकार धरून ठेवतं आणि हाताळून हाताळून गडद होत जातं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावलं जातं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. हाफ केसला हे ताठ चामडं चांगलं, कारण सैल पडलेल्या केसमध्ये कॅमेरा हलत राहतो.

स्क्रू, पट्टा आणि शिवण

बहुतेक हाफ केस ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू फिरवून बसवतात. हा स्क्रू पाव इंची असतो, पण लांबी वेगवेगळी असते. तो हातानेच हळू फिरवा. तळाला टेकूनही केस हलत असेल तर स्क्रू लांब आहे. आणखी पिळलात तर कॅमेऱ्याला इजा होईल. आतल्या बाजूला धातूचा स्क्रू किंवा रिव्हेट उघडा असेल तर कॅमेऱ्यावर चरे पडतात. तिथे मऊ अस्तर हवं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गळ्यातला पट्टा केसला नव्हे, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कड्यांना बांधलेला असावा. पट्टा केसला असेल तर सगळं वजन शिवणीवर आणि एका स्क्रूवर येतं. सरोजिनीच्या गर्दीत एक धक्का पुरेसा असतो.

कुठे शोधाल?

सरोजिनी नगरहून मेट्रोच्या पिंक लाइनने पुढचंच स्टेशन दिल्ली हाट-आयएनए. दिल्ली हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर येतात, स्टॉल बदलत राहतात. चामड्याचं काम करणारा कारागीर भेटला तर कॅमेरा दाखवून मापाने केस शिवून मिळेल का, ते विचारा. तिथूनच यलो लाइनने चांदणी चौक गाठा. कूचा चौधरीच्या कॅमेरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांच्या सामानाची चौकशी करता येते. मुंबईकरांसाठी फोर्टातला बोरा बाजार आणि चामड्याच्या वस्तूंसाठी धारावी आहेच. कुठेही जा, कॅमेरा सोबत न्या आणि केस घालून सगळी बटणं दाबून पाहा.

पण खर्च करण्याआधी जुनं कव्हर तपासा. अनेक जुन्या कव्हरांचा वरचा, लेन्स झाकणारा भाग टिचबटणांनी जोडलेला असतो. तो सोडवला की खाली उरते ती हाफ केसच. शिवण सुटली असेल तर चांभाराकडून जाड मेणदोऱ्याने शिवून घ्या. तो नवी केस शिवण्यापेक्षा कितीतरी कमी पैसे घेईल.

केस वापरायला, साठवायला नव्हे

चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं. कॅमेरा वर्षानुवर्षं चामड्याच्या कव्हरात बंद राहिला की लेन्सवर बुरशीचे धागे पसरतात आणि काचेवरच्या लेपाला कायमचे डाग पडतात. मुंबई-कोकणातले चार महिने आणि दिल्लीतले जुलै-ऑगस्ट यासाठी फार वाईट. बाबांनी जपून ठेवलेला कॅमेरा बऱ्याचदा या जपण्यानेच बिघडलेला असतो.

म्हणून फिरून आलात की केस काढा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि केस वेगळी, हवेशीर जागी. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही. खोबरेल तेल चोपडू नका. चामडं काळवंडतं आणि तेल कॅमेऱ्यावर उतरतं.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी करा. केस घेण्यापूर्वी एक रोल काढून, धुऊन पाहा. शटर नीट चालतं का, आत प्रकाश शिरतो का, हे त्यातून कळेल. दुरुस्ती लागली तर पैसे आधी तिकडे वळवा. केस नंतर घेतली तरी चालते. कॅमेरा चालता झाला की मुलं तो रोज हाताळतील, आणि रोज हाताळलेल्या कॅमेऱ्यावर बुरशी सहसा चढत नाही.